तेराचे पंचवीस

सराफ बाजाराच्या मागच्या बोळात दिवस उजाडायच्या आत झारेकरी कामाला लागतात. सोनारांच्या दुकानांतली झाडलोट, पायरीवरची धूळ, मोरीच्या तोंडाशी साचलेला गाळ, सगळं पाटीत भरायचं आणि पाण्यात घोळवायचं. हलकी माती वाहून जाते, जड ते तळाशी राहतं. उरलेल्या काळ्या रेतीत पाऱ्याचा थेंब फिरवला की तो सोन्याचे कण वेचून पोटात घेतो. पारा उडवला की मागे सोनं.

हा सगळा धंदा एका विश्वासावर उभा आहे. सोनं कितीही बारीक झालं तरी ते सोनंच राहतं, हा तो विश्वास. झारेकऱ्याला सापडणारा, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा कणसुद्धा पिवळाच असतो, कसाला उतरतो, मुशीत टाकला तर वितळून इतरांत मिसळतो. पण रसायनशास्त्राच्या मापाने हा कण डोंगराएवढा आहे. त्यात सोन्याचे अणू असतात सुमारे 6 वर 16 शून्यं.

समजा, हा कण आपण निम्मा करत गेलो. निम्म्याचा निम्मा, त्याचाही निम्मा. बरीच मजल मारेपर्यंत काही बिघडत नाही. मग कधीतरी पिवळा रंग जातो आणि तांबडा येतो. आणखी खाली गेलो, अणू बोटांवर मोजण्याइतके उरले, की तांबडाही जातो. धातूची चकाकी गेलेली असते, धातूपणच गेलेलं असतं. आणि अशा मोजक्या अणूंचा घोस नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरला, तर तो स्वतःच्या उजेडाने लाल उजळतो.

असे घोस बनवायचा एक सोपा मार्ग 2009 साली सापडला. त्यात भट्टी नाही, भाता नाही, जळजळीत रसायनं जवळजवळ नाहीत. सोनाराचं काम करतं एक प्रथिन.

फॅरेडेची लाल बाटली

सोनं आणि प्रथिन यांची ओळख मात्र फार जुनी. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकल फॅरेडेने सोन्याच्या क्षाराच्या पातळ द्रावणात फॉस्फरस घालून माणकासारखा लाल द्रव तयार केला आणि 1857 साली त्यावर व्याख्यान दिलं. द्रवात सोनंच आहे, पण अतिशय बारीक कणांच्या रूपात, हे त्याने ओळखलं. ते कण पाहू शकेल असं उपकरण तेव्हा अस्तित्वात नव्हतं. त्याच्या काही बाटल्या अजून त्या संस्थेत जपून ठेवलेल्या आहेत.

हा लाल रंग म्हणजे उजेड नव्हे, हे आधीच सांगून ठेवायला हवं, कारण पुढे दुसरा लाल येणार आहे. दहा-वीस नॅनोमीटरच्या कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाटेबरोबर एकदम झोके घेतात आणि 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश गिळतात. हिरवा गेला की उरलेला प्रकाश आपल्याला तांबडा दिसतो. लाल काचेसारखंच हे. मागे दिवा नसेल तर बाटली काळोखात काळीच.

असे कण बनवायला जिवंत सृष्टीची मदत घेणंही नवं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या अर्कात सोन्याचे चपटे त्रिकोणी कण वाढवले होते, ते 2004 मध्ये. पण तेही कणच. त्यांत अणू हजारोंनी आणि लाखोंनी.

फॅरेडेला या लाल द्रवाची एक खोड दिसली. त्यात मीठ घातलं की कण एकमेकांना चिकटतात आणि द्रव निळा पडतो. आणि तो उपायही त्यालाच दिसला: थोडं जिलेटिन आधी घातलं की मिठाचं काही चालत नाही. जिलेटिन म्हणजे प्रथिनच. पुढे रिचर्ड झिगमोंडीने या राखणदारीचं मापच ठरवलं. लाल सोनं मिठापासून वाचवायला कोणता पदार्थ किती लागतो, त्यावरून त्या पदार्थाचा ‘सुवर्णांक’ काढायचा. अंक जितका लहान तितका राखणदार पक्का. झिगमोंडीला 1925 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आज ही जोडी घराघरांत पोहोचली आहे. गर्भधारणा तपासायच्या बऱ्याच पट्ट्यांवर उमटणारी गुलाबी रेघ म्हणजे प्रथिनांनी वेढलेले सोन्याचे कण एका ओळीत अडकलेले असतात. म्हणजे प्रथिन सोन्याला सांभाळतं, हे दीडशे वर्षांपासून ठाऊक होतं. प्रथिन सोनं घडवूही शकतं, ही पुढची पायरी होती.

सारंगी आणि पेटी

मोजक्या अणूंचं सोनं का उजळतं, हे समजून घ्यायला गाण्याची बैठक बरी पडते. सारंगीवर बोट सरकवत नेलं की एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाता येतं. मधली कोणतीही जागा वर्ज्य नाही. पेटीचं तसं नाही. तिथे ठरलेल्या पट्ट्या, त्यांचे ठरलेले स्वर. दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नाही, म्हणून पेटीवर मींड निघत नाही.

अंगठीतलं सोनं सारंगीसारखं आहे. त्यात अणू इतके असतात की इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या एकमेकींना खेटून सलग पट्टा तयार होतो. प्रकाशाने वर ढकललेला इलेक्ट्रॉन मींड घेत खाली येतो, आणि त्या घसरणीत त्याची ऊर्जा बारीक बारीक करून उष्णतेत जिरते. उजेड म्हणून परत काही येत नाही, असं म्हटलं तरी चालेल. 1969 मध्ये मुराडियन या संशोधकाने सोन्याच्या पातळ थराचा उजेड मोजला तेव्हा आकडा निघाला तो असा: हजार कोटी प्रकाशकण आत गेले तर एखादा बाहेर.

अणू थोडे झाले की पातळ्या विरळ होतात आणि सारंगीची पेटी होते. वरच्या पट्टीवर गेलेल्या इलेक्ट्रॉनला आता घसरायला जागा नाही. खाली यायचं तर उडी मारावी लागते आणि उडीतली ऊर्जा एकदम बाहेर पडते. तिचा प्रकाशकण होतो. जांभळा किंवा अतिनील प्रकाश घेऊन त्याहून कमी ऊर्जेचा, म्हणजे लालकडे झुकलेला प्रकाश परत देण्याच्या या गुणाला फ्लुओरेसन्स म्हणतात.

घोस जितका लहान, तितका सूर चढा. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये रॉबर्ट डिक्सन यांच्या गटाने 2004 मध्ये एक सबंध सप्तक मांडून दाखवलं. झाडासारख्या फांद्या असलेल्या कृत्रिम रेणूंत त्यांनी सोन्याचे घोस अडकवले. 5 अणूंचा घोस अतिनील उजेड देतो, 8 अणूंचा निळा, 13 चा हिरवा, 23 चा लाल आणि 31 चा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. एकाच धातूचे हे सगळे रंग, आणि ते ठरतात अणूंच्या संख्येवर.

अडचण एकच. सोन्याच्या अणूंना एकमेकांची ओढ जबर असते. पंचवीस अणू एकत्र आले की ते सव्विसाव्याला हाक मारतात, मग शंभराव्याला, आणि पाहता पाहता फॅरेडेची बाटली तयार. घोस हवा असेल तर योग्य क्षणी कुणीतरी अणूंना आवरून धरायला हवं. सोन्याला घट्ट धरू शकणारं मूलद्रव्य म्हणजे गंधक. आणि गंधक प्रथिनांत असतो. उकडलेल्या अंड्याला येणारा वास त्याचाच. चांदीच्या चमच्याने अंडं खाल्लं की चमचा काळा पडतो, तोही त्याच्यामुळेच.

सिंगापूरची कृती

सिंगापूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइंजिनिअरिंग अँड नॅनोटेक्नॉलॉजीमध्ये जियानपिंग शिए, युआनगांग झेंग आणि संस्थेच्या प्रमुख जॅकी यिंग यांनी 2009 मध्ये जी कृती छापली, ती स्वयंपाकाच्या पुस्तकात शोभावी इतकी सुटसुटीत आहे.

सोनं घ्यायचं ते द्रावणाच्या रूपात. सोन्याला विरघळवणारं अम्लराज सोनारांना नवं नाही; त्यातूनच क्लोरोऑरिक आम्ल नावाचा पिवळा पदार्थ मिळतो. तो बोटाला लागला तर कातडीवर जांभळा डाग पडतो आणि काही दिवस जात नाही. प्रथिन घ्यायचं ते गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, प्रयोगशाळेच्या बोलीत बीएसए. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी रक्तद्रवाचे घटक वेगळे काढण्याची पद्धत हार्वर्डच्या एडविन कोहन यांनी बसवली. तिच्या पाचव्या टप्प्यात अल्ब्युमिन हाती येई, म्हणून आजही कित्येक बाटल्यांवर ‘फ्रॅक्शन फाइव्ह’ असं छापलेलं दिसतं. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत हे प्रथिन मिठासारखं वापरलं जातं. स्वस्त, भरपूर, कशातही चालणारं.

दोन्ही द्रावणं 5-5 मिलिलिटर. सोन्याचं लिटरला 10 मिलिमोल तीव्रतेचं, अल्ब्युमिनचं मिलिलिटरला 50 मिलिग्रॅमचं. तापमान 37 अंश, म्हणजे आपल्या अंगाचं. दोन्ही एकत्र करून जोरात ढवळायची. दोन मिनिटांनी अर्धा मिलिलिटर कॉस्टिक सोड्याचं द्रावण घालायचं, म्हणजे सामू 12 च्या आसपास जातो. मग भांडं 37 अंशांवरच ठेवून द्यायचं, 12 तास. रात्री विरजण लावावं तसं.

फिकट पिवळं द्रावण हळूहळू तपकिरी होतं आणि सकाळी भांड्यात बिनदुधाच्या चहासारखं गडद काहीतरी असतं. दिसायला त्यात काही विशेष नाही. खोली अंधारी करून अतिनील दिवा लावला की तेच भांडं निखाऱ्यासारखं लाल होतं. उजेडाचा कळस 640 नॅनोमीटरवर. शोषलेल्या 100 प्रकाशकणांपैकी सुमारे 6 परत मिळतात. चांगल्या रंगद्रव्यांच्या तुलनेत हे थोडं आहे, पण हजार कोटींत एकच्या तुलनेत फार मोठं आहे.

या बारा तासांत प्रथिन काय काय करतं? पहिलं काम पकडण्याचं. अल्ब्युमिन ही 583 ॲमिनो आम्लांची माळ. तिच्यात गंधक असलेली 35 सिस्टीन आहेत, त्यांतली 34 एकमेकींशी जोड्या लावून माळेची घडी धरून ठेवतात आणि एक सुटी असते. विखुरलेले सोन्याचे आयन या माळेला जागोजाग चिकटतात. दुसरं काम क्षपणाचं, म्हणजे धन भार वाहणाऱ्या सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा धातूच्या अवस्थेत आणण्याचं. ते मुख्यतः टायरोसिन नावाच्या ॲमिनो आम्लाकडे येतं. आणि टायरोसिन एरवी दाता नसतो. सामू 10 च्या वर गेला की त्याच्यातला एक प्रोटॉन सुटतो, मग त्याचा हात सैल होतो. कॉस्टिक सोडा त्यासाठी. सोडा घातलाच नाही, तर सोनं प्रथिनाला चिकटून बसतं आणि लाल उजेड येत नाही. शिवाय इतक्या सामूला प्रथिनाची घडी सैल होते आणि आतल्या जागा मोकळ्या होतात.

तिसरं काम आवरण्याचं. अणू एकत्र येऊ लागले की भोवतालची गंधकं त्यांना धरतात आणि वरून प्रथिनाचा सगळा पसारा घोसाला वेढून बसतो. शेजारच्या रेणूतला घोस येऊन याला मिळू शकत नाही. मूस, ऐरण आणि दागिन्याची डबी, तिन्ही एकाच माळेत. पुढे इतरांनी मायक्रोवेव्हच्या उष्णतेत हीच कृती काही मिनिटांत उरकली, पण मूळ बारा तासांच्या कृतीची मोहिनी अजून गेलेली नाही.

आणि घोसात अणू किती? प्रथिनाचं वजन आधी आणि नंतर वस्तुमानमापकावर करून पाहिलं. फरक निघाला तो 25 सोन्याच्या अणूंएवढा.

हिशेब जुळत नाही

इथे थांबून एक साधा हिशेब करून पाहू. सोन्याचं द्रावण 5 मिलिलिटर, म्हणजे त्यात सोनं जवळपास 10 मिलिग्रॅम. गुंजेचा बारावा भाग. मोलच्या भाषेत 50 मायक्रोमोल. अल्ब्युमिन 250 मिलिग्रॅम. त्याचा रेणू सोन्याच्या अणूपेक्षा सव्वातीनशे पटींहून अधिक जड, म्हणून मायक्रोमोलमध्ये ते भरतं पावणेचारच्या आसपास. पन्नासला पावणेचारने भागा. प्रत्येक प्रथिनाच्या वाट्याला येतात सोन्याचे 13 अणू.

ताटात वाढले 13 आणि पोटात सापडले 25. पंगतीत असं झालं तर एकच अर्थ निघतो: कुणीतरी शेजाऱ्याच्या पानातलं उचललं आणि निम्म्या पानांवर काहीच उरलं नाही.

नेमकं तेच घडतं, हे आयआयटी मद्रासमध्ये थलाप्पिल प्रदीप यांच्या गटाने 2011 मध्ये दाखवलं. अल्ब्युमिन आणि दुधातलं लॅक्टोफेरिन अशी दोन प्रथिनं घेऊन ते बारा तासांचा प्रवास टप्प्याटप्प्याने मोजत गेले. सोडा घालण्याआधी, सामू साधा असताना, प्रत्येक प्रथिनावर 13 ते 14 अणू सापडले. सोन्याचा भार या वेळी तीनवरून एकवर आलेला, पण ते अजून धातू झालेलं नाही, उजेडही नाही. सामू 12 च्या वर नेला की आयन धातूत उतरू लागतात, उजेड सुरू होतो आणि वस्तुमानमापक 25 च्या आसपासचा आकडा दाखवू लागतो. त्याच वेळी, ठरावीक प्रमाणं घेतली असता, आलेखात एक जुनाच सुळका पुन्हा डोकं वर काढतो. तो असतो मोकळ्या प्रथिनाचा. ज्याच्याजवळ आता सोन्याचा एकही अणू नाही, असं प्रथिन.

म्हणजे सोनं एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातं. तेराने समाधान होत नाही. एकाचे तेरा दुसऱ्याच्या तेरात पडतात आणि कुणीतरी रिकामं होतं. या निरीक्षणाचा व्यवहारातला उपयोगही त्या गटाने करून दाखवला. प्रथिनं मोकळी होतात त्या सुमाराला थोडं सोनं पुन्हा घातलं, तर रिकाम्या हातांनाही काम मिळतं आणि उजेड वाढतो.

पंचवीसच का? सव्वीस का नाही, तीस का नाही? याचं उत्तर प्रथिनांबाहेरच्या रसायनशास्त्रात मिळतं. 2008 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे 25 सोन्याचे अणू आणि 18 लहान गंधकी रेणू असलेल्या घोसाचा स्फटिक बनवून क्ष-किरणांनी त्याचा नकाशा काढला. मध्यभागी एका अणूभोवती बारा, असे 13 अणू. त्यांच्या बाहेर सहा आकडे घातल्यासारखे आणखी 12 अणू, प्रत्येक आकड्यात दोन, गंधकांनी धरलेले. रचना अशी चपखल की ती सहज मोडत नाही. पुन्हा तेरा, आणि पुन्हा तेराचे पंचवीस. आपल्या भांड्यातल्या तेराशी याचा संबंध नाही, हा योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला सोयीचा.

अंड्यापासून इन्शुलिनपर्यंत

सिंगापूरची कृती छापून आली आणि प्रयोगशाळांत प्रथिनांची रांग लागली. अंड्याचा पांढरा बलक सरळ वापरून पाहिला गेला, त्यानेही उजळणारे घोस दिले. त्याच बलकात लायसोझाइम नावाचं छोटं विकर असतं. 1922 मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगला ते नाकातल्या शेंबडात सापडलं होतं. अल्ब्युमिनच्या साधारण पाचव्या भागाएवढी त्याची माळ, अवघी 129 ॲमिनो आम्लांची, तरी तीही सोन्याला धरते. जठरातल्या पेप्सिनच्या साहाय्याने सामू बदलत निळे, हिरवे आणि लाल असे वेगवेगळ्या आकारांचे घोस मिळवता आले.

मग वेगळाच प्रश्न पुढे आला. प्रथिन नुसती डबी न राहता आपलं मूळ कामही करत राहिलं तर? 2011 मध्ये तैवानच्या संशोधकांनी इन्शुलिनमध्ये सोन्याचे घोस वाढवले. घोस लाल उजळले, आणि इन्शुलिनचा साखर उतरवण्याचा गुण शाबूत राहिला. म्हणजे इन्शुलिन पेशीत कुठे जातं हे आता सूक्ष्मदर्शकातून पाहता येतं, आणि त्यासाठी वेगळा रंग चिकटवावा लागत नाही. दिवा त्याच्या पोटातच आहे.

पुन्हा पारा

झारेकऱ्याच्या पाटीतला पारा इथे परत येतो. ताप मोजायची काच फुटली आणि पारा बोटातल्या अंगठीला लागला की अंगठी पांढरी पडते, हे घरोघरी सांगितलं जातं. सोन्याचं आणि पाऱ्याचं हे जुनं सख्य घोसांतही टिकून आहे, पण त्याची रीत वेगळी.

पाण्यातला धोकादायक पारा थेंबाच्या रूपात नसतो. तो आयनांच्या रूपात विरघळलेला असतो. जपानच्या मिनामाता गावात 1956 मध्ये जो आजार उघड झाला, त्याचं मूळ कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात आणि माशांत उतरलेल्या पाऱ्यात होतं. असा पारा डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला चव देत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो लिटरला एक मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावा.

अल्ब्युमिनमधल्या घोसाच्या पृष्ठभागावर काही सोनं अजून एक धन भार बाळगून असतं. सोन्याचा अणुक्रमांक 79, त्यातला एक इलेक्ट्रॉन गेला की उरले 78. पाऱ्याचा अणुक्रमांक 80, आयन होताना दोन गेले, तेही 78. दोघांची बाहेरची भरलेली कवचं एकसारखी, आणि असे भरलेल्या कवचांचे जड आयन एकमेकांना ओढतात. पाऱ्याचा आयन घोसापाशी येऊन बसला की वर चढलेल्या इलेक्ट्रॉनला उतरायला दुसरी वाट मिळते. उडी होत नाही, उजेड विझतो.

शिए आणि यिंग यांच्या गटाने 2010 मध्ये या विझण्याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. लिटरला अर्धा नॅनोमोल, म्हणजे 0.1 मायक्रोग्रॅम पारासुद्धा त्यात कळला. आपल्या मानकाचा दहावा भाग. याच काळात अशाच घोसांनी पाण्यातलं सायनाइडही ओळखून दाखवलं. तिथे उजेड विझण्याचं कारण निराळं. सायनाइड सोन्यालाच विरघळवतं. खाणींत सोनं काढायची सर्रास वापरली जाणारी रीत तीच.

तळहातामागची बॅटरी

रात्री दिवे गेल्यावर मुलं बॅटरीवर तळहात ठेवतात आणि बोटांच्या कडा लाल दिसतात. बॅटरीचा प्रकाश पांढरा असतो. मांसातून आणि रक्तातून पार होतो तो लाल. निळा-हिरवा अडतो. शिवाय आपल्या पेशी स्वतःही अतिनील प्रकाशात थोड्या उजळतात, आणि त्यांचा उजेड निळ्या-हिरव्याकडचा असतो. म्हणून शरीरात काही शोधायचं असेल तर लाल दिवा हवा. अल्ब्युमिनमधला घोस तसा आहे. उंदरांच्या शरीरातल्या गाठी या घोसांच्या उजेडात 2010 मध्येच पाहिल्या गेल्या.

माणसापर्यंत यायला आडवं येतं ते मूत्रपिंड. काम झाल्यावर परकी वस्तू शरीराबाहेर जायला हवी. साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज निघून जातात. घोस एकटा असता तर गेला असता. पण त्याची डबी मोठी आहे, आणि मूत्रपिंड नेमकं अल्ब्युमिनच अडवायला बसलेलं असतं. मधुमेही माणसाच्या लघवीत अल्ब्युमिन दिसलं की डॉक्टर काळजीत पडतात ते याचसाठी. त्यामुळे अल्ब्युमिनमधलं सोनं यकृतात आणि प्लीहेत रेंगाळतं. ग्लुटाथायोनसारख्या तीनच ॲमिनो आम्लांच्या तुकड्यांनी धरलेले घोस मात्र लवकर बाहेर पडतात. ज्या गुणामुळे प्रथिन उत्तम राखणदार ठरलं, तोच गुण इथे अडचण होऊन बसतो.

डबीत आहे काय?

आता थोडं मागे जाऊ. लहान गंधकी रेणूंनी धरलेल्या 25 अणूंच्या घोसाचा स्फटिक झाला, नकाशा निघाला. स्फटिक व्हायला सगळे कण एकसारखे लागतात. अल्ब्युमिनच्या भांड्यात तसं नसतं. कुणी भरलेलं, कुणी रिकामं, कुणी अर्धवट, आणि सामूच्या तडाख्याने प्रत्येकाची घडी जराशी वेगळी. पंचवीस हा आकडा आला तो वजनाच्या फरकावरून. बंद डबीचं वजन केलं, रिकाम्या डबीचं वजा केलं, उरलं ते सोनं. सोनं आहे एवढं वजन सांगतं. ते एका जागी आहे की डबीभर पसरलं आहे, हे वजन सांगत नाही.

2018 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या शार्लट शाखेतल्या जेकब डिक्सन आणि शुंजी एगुसा यांनी याच फटीत बोट घातलं. त्यांचं म्हणणं असं: सामू वाढला की अल्ब्युमिनची घडी बदलते, आणि त्या बदललेल्या घडीत निरनिराळ्या जागी बसलेले सोन्याचे आयन आणि प्रथिन मिळून लाल उजेड देतात. त्यासाठी अणूंनी एकत्र येऊन घोस बनवण्याची गरज नाही. हे खरं असेल तर या प्रकरणात आपण मांडलेली पेटी, तिच्या पट्ट्या आणि इलेक्ट्रॉनची उडी यांचा पुन्हा विचार करावा लागेल, निदान या एका प्रथिनापुरता. घोसाच्या बाजूने वस्तुमानमापकाचे आकडे आहेत, भार शून्यावर आलेल्या सोन्याचे पुरावे आहेत. आयनांच्या बाजूने सामूबरोबर पाऊल टाकणारा उजेड आहे. काही अभ्यासकांनी मधली वाट धरली आहे: उजेडाचा काही भाग घोसाच्या गाभ्यातून येतो, काही गंधकाने धरलेल्या कडेच्या सोन्यातून.

पारा ओळखायला किंवा पेशी पाहायला या वादाच्या निकालाची गरज नसते. म्हणूनच कृती जगभर पसरली आणि तिच्यामागचं कारण मागे राहिलं. रसायनशास्त्रात हे नवं नाही. विरजणात जिवाणू असतात हे कळण्याआधी हजारो वर्षं दही लागतच होतं.

पदव्युत्तर वर्गातला कुणी विद्यार्थी आज ही कृती पहिल्यांदा करतो तेव्हा ती बहुधा साधते. सकाळी तो भांडं काढतो, खोली अंधारी करतो, दिवा लावतो, आणि भांडं लाल होतं. प्रयोगवहीत तो उजेडाची तरंगलांबी लिहितो, वेळ लिहितो, सामू लिहितो. आत काय आहे या रकान्यात ‘25 अणूंचा घोस’ लिहायचं की नुसतं ‘सोनं आणि प्रथिन’, हे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. दर प्रथिनामागे आपण तेरा अणू घातले होते, एवढं मात्र तो खात्रीने लिहू शकतो.